यादी फ्रीजच्या दारावर

रविवार

येत्या शनिवारी रात्री आमच्याकडे १८ जण जेवायला आहेत. सुट्टी म्हणजे विश्रांती असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे कधी कोणी जेवायला आलेलं नसावं.

आज वही घेऊन बसले. आधी जे जे करावंसं वाटतं ते सगळं लिहून काढलं आणि मग खोडायला घेतलं. खोडण्याची कसोटी चवीची नव्हती. प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारला: शेवटच्या अर्ध्या तासात तुझ्यापाशी कुणाला उभं राहावं लागतं का? ज्याचं उत्तर ‘हो’ आलं तो गेला. तळण असं पहिल्याच फेरीत गेलं. तळणारा माणूस त्या रात्री जेवणात नसतोच, कढईपाशी असतो. बाकीचे हात धुऊन बडीशेप चघळायला लागतात तेव्हा तो घाम पुसत पान घेतो. आणि तो माणूस कोण असतो हे सांगायची गरज नाही.

राहिलं ते असं: भात, डाळ, एक रस्सा, एक कोरडी भाजी, काकडी-टोमॅटो आणि एक थंड गोड पदार्थ. आई (सासूबाई) म्हणाल्या, “एवढंच?” मी म्हटलं, “एवढंच, पण पोटभर.” त्यांना ते पटलेलं नाही. पण गोडाचं माप त्यांच्याकडे सोपवल्यावर विषय थांबला.

एक मात्र खरं, कागदावर उतरवल्याबरोबर डोकं हलकं झालं. अपुरं काम मनात घुटमळत राहतं. ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, की काम व्हायच्या आधीच ते घुटमळणं बरंच कमी होतं, असं मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रयोगांतून दाखवलं होतं. ‘नेमकं’ हे महत्त्वाचं. ‘भाजीचं बघायचं’ असं लिहून काही होत नाही. ‘शुक्रवारी संध्याकाळी भाजी चिरून डब्यात’ असं लिहिलं की ती रात्री दोन वाजता उठवत नाही.

सोमवार

फोनांचा दिवस. सगळे विचारतात, “काय आणू?” आणि आपण सवयीने म्हणतो, “काही नको, तुम्ही या फक्त.” हे बोलायला गोड आहे, पण महाग पडतं. विचारणाऱ्याला खरंच काहीतरी करायचं असतं. नाही म्हटलं तर तो मिठाईचा पुडा आणतो, आणि असे चार पुडे जमले की ते फ्रीजमध्ये कुठे ठेवायचे हेही आपणच बघायचं.

त्यामुळे या वेळी प्रत्येकाला नाव घेऊन वस्तू सांगितली. जाऊबाईंना कोरडी भाजी, कारण त्यांची चांगली होते आणि त्या वेळेवर येतात. नणंदेकडे बर्फ आणि जास्तीचे ग्लास. धाकटे दीर कायम तासभर उशिरा, म्हणून त्यांना फळं. ती जेवणानंतर आली तरी चालतात. माझा नियम एवढाच, की उशिरा येणाऱ्याच्या हाती असं काही द्यायचं नाही ज्याच्यासाठी बाकीची ताटं थांबतील.

आणि हो, पथ्यं विचारून घेतली. काकांना मीठ कमी. त्यांच्यासाठी शेवटचं मीठ घालायच्या आधी वाटीभर डाळ आणि रस्सा वेगळा काढायचा, म्हणजे निराळा स्वयंपाक नको. भाचीला शेंगदाण्यांची ॲलर्जी आहे. तिथे ‘तू ते वाढून घेऊ नकोस’ म्हणून भागत नाही, कारण दाण्याचं कूट लागलेला डाव दुसऱ्या पातेल्यात बुडाला तरी त्रास होऊ शकतो. तेव्हा त्या दिवशी कूट कशातच नाही, आणि कुटाचा डबा वरच्या फळीवर. आईंनी यावर एक शब्दही काढला नाही. नातीचा विषय असला की वाद नसतो.

मंगळवार

ताटं, वाट्या, डाव मोजले. डाव कमी आहेत. फ्रीजमधल्या अर्धवट बाटल्या आणि कोण जाणे कधीच्या चटण्या काढून एक अख्खा कप्पा मोकळा केला. दुसरं काही नाही.

बुधवार

आज वेळापत्रक केलं, तेही उलटं. ८:३०ला सगळे बसणार इथून सुरुवात करून मागे मागे येत गेले. ८:१५ला सगळं टेबलावर. ८:१०ला भात उतरवून झाकलेला, म्हणजे थोडा मुरतो. त्यासाठी तो ७:३५ला चढवायचा. असं करत दुपारपर्यंत पोचले.

मग कागदावर तीन रकाने आखले, शेगडीचे बर्नर तीन म्हणून. कुठल्या अर्ध्या तासात कुठल्या बर्नरवर काय, ते भरत गेले, आणि घोळ तिथेच दिसला. ७:४५ला भाताचं पातेलं आणि रश्श्याचं पातेलं दोघांनाही मोठाच बर्नर हवा. हे शनिवारी रात्री कळलं असतं तर आरडाओरडा झाला असता, आज पेन्सिलने निस्तरलं. रस्सा ७ ते ७:३५ मोठ्यावर गरम करून घ्यायचा आणि मग मंद आचेवर छोट्या बर्नरवर हलवायचा. भाताचं पाणी आधी किटलीत उकळून घ्यायचं.

हे वाचून नवरा म्हणाला, “अगं, हा तर क्रिटिकल पाथ आहे!” मग त्याने सांगितलं, की कारखान्यांच्या मोठ्या कामांची आखणी करायला ही पद्धत अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या शेवटी निघाली, की कुठलं काम लांबलं तर सगळंच लांबतं ते आधी शोधायचं आणि लक्ष तिथेच ठेवायचं. मी म्हटलं, छान, आमच्याकडचा क्रिटिकल पाथ मोठा बर्नर आहे, आणि शनिवारी ७ ते ८ तिथे तू उभा राहणार आहेस. कबूल केलंय. साक्षीदार आई आहेत.

माणसं वाढली की वेळ कसा वाढतो याचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. डाळ मऊ व्हायला लागणारा वेळ चौघांसाठी आणि अठरांसाठी साधारण सारखाच. पण पाणी दुप्पट असेल तर त्याच आचेवर उकळी यायला वेळही जवळपास दुप्पट लागतो, कारण बर्नर काही मोठा झालेला नसतो. रोज दहा मिनिटांत उकळणारं पातेलं त्या दिवशी अर्धा-पाऊण तास घेतं, आणि आपण झाकण उघडून उघडून बघत त्यात आणखी भर घालतो.

‘किती वेळ लागेल’ या प्रश्नावर माणसाचा स्वभावच आशावादी. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये याला ‘प्लॅनिंग फॅलसी’, म्हणजे आखणीतला भ्रम, असं नाव दिलं. पुढे १९९४च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. अगदी सगळं बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला. तेव्हा मी ‘चिरायला किती वेळ लागावा’ असा विचार करत बसले नाही. आईंना विचारलं, “मागे एवढी माणसं होती तेव्हा किती वाजता चिरायला बसला होतात आणि कधी उठलात?” त्यांना सगळं आठवत होतं, कोण मदतीला आलं नव्हतं तेसुद्धा. त्यांनी सांगितलेला वेळच वेळापत्रकात घातला. वर ६:३० ते ७ अशी अर्ध्या तासाची रिकामी चौकट सोडली. तिथे काम घालायचं नाही. पाहुणे लवकर आले, गॅस संपला, कुणी काही सांडलं, तर ते तिथे जाईल.

मुलांची पानं ७:१५ला, वेगळी. भुकेलेली पोरं आणि उशीर झालेलं जेवण एकत्र आलं की घरातला आवाज दुप्पट होतो.

गुरुवार

बाजार झाला. यादी दुकानातल्या रांगांच्या क्रमाने लिहिली होती, म्हणून एकाच फेरीत उरकलं.

फ्रीजरमधलं जे काही वापरायचंय ते आजच खालच्या कप्प्यात आणून ठेवलं. गोठलेला दोन-अडीच किलोचा ऐवज फ्रीजमध्ये सुटायला साधारण अख्खा दिवस लागतो, आणि ओट्यावर ठेवून घाई केली तर बाहेरचा भाग कोमट आणि आत बर्फ अशी गत होते.

शुक्रवार

आज रस्सा आणि गोड. दोन्ही आदल्या दिवशी केलेले उलट चांगले लागतात. रश्श्यात मसाला मुरतो आणि गोड नीट गार होतं. भात मात्र आज नाही. तांदळावर असलेल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासनतास कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात. हे विष नंतर भात गरम केला तरी जात नाही. पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात म्हणूनच नको. आदल्या दिवशी करायचाच झाला तर लगेच गार करून फ्रीजमध्ये हवा, आणि आज माझ्याकडे तेवढी जागा नाही.

रश्श्याचं मोठं पातेलं गार करणं हा खरा उद्योग. जागतिक आरोग्य संघटनेचा २००१ पासूनचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, ५ अंशांच्या खाली नाहीतर ६० अंशांच्या वर ठेवा; मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. पण खोल पातेल्यातला रस्सा दोन तासांत कुठला गार व्हायला! उष्णता पृष्ठभागातून बाहेर पडते, आणि एवढ्या ऐवजाच्या मानाने पातेल्याचा पृष्ठभाग कमी. तसंच गरम पातेलं फ्रीजमध्ये कोंबलं तर आतलं दूधही तापायचं. मी तो चार पसरट डब्यांत, चार-पाच सेंटिमीटर उंचीचा थर ठेवून ओतला, डबे परातीतल्या गार पाण्यात ठेवले, मधूनमधून ढवळलं. तासाभरात फ्रीजमध्ये ठेवण्याजोगा झाला. मंगळवारी मोकळा केलेला कप्पा या डब्यांनीच भरला. उद्या मात्र नुसता कोमट करून चालणार नाही, मधोमध चांगला वाफाळेपर्यंत तापवायचा.

बटाटे सोलून पाण्यात ठेवले, काळे पडू नयेत म्हणून. काकडी-टोमॅटो उद्या ऐन वेळी, आणि मीठ तर अगदी शेवटी. आधी घातलं की पाणी सुटतं आणि वाढताना पळीत नुसतं पाणी येतं.

बसायच्या जागाही आजच ठरवल्या. काकांना ऐकायला कमी येतं. त्यांना नेहमी मानाची म्हणून मधली खुर्ची मिळते आणि चारी बाजूंच्या कलकलाटात ते गप्प बसून राहतात. उद्या त्यांना कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून बसवणार, समोर आत्या, जिचा आवाज खणखणीत आहे. काकूंना गुडघ्यांमुळे उंच खुर्ची. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराजवळ.

शनिवार दुपार

यादी फ्रीजच्या दारावर लावली. या आठवड्यातलं सर्वांत उपयोगी काम मला विचाराल तर हे.

कारण गर्दीच्या वेळी कोणी प्रेमाने येऊन “मी काय करू?” विचारतं, तेव्हा ते मदत देत नसतं, आणखी एक काम देत असतं. आता हातातलं सोडून विचार करा, त्यांना जमेल असं काही शोधा, समजावा. त्यापेक्षा “राहू दे, मीच करते” सोपं वाटतं. मग सगळं आपणच करतो आणि वर कुणी मदत केली नाही म्हणून धुसफुसतो. यादी माझ्या डोक्यात आहे तोवर ती फक्त मलाच वाचता येते, हे घरातल्या कोणाच्या लक्षात येत नाही आणि ते कोणी सांगतही नाही.

म्हणून दारावर प्रत्येक ओळीत एक काम, क्रियापदासकट: पाण्याचे तांबे भरा. काकडी चिरा (सुरी दुसऱ्या खणात). मुलांची ताटं घ्या, ७:१५. उरलेल्याचे डबे काढून ठेवा. भांडी पहिली फेरी, ९:३०. काम झालं की खोडा, पेन दोरीला बांधलंय. जो येईल त्याने आपापलं उचलायचं. आईंनी चष्मा लावून यादी पूर्ण वाचली आणि पेन घेऊन ‘डाळीला फोडणी’समोर स्वतःचं नाव लिहिलं. त्यावर चर्चा नाही.

शनिवार, उशिरा

८:४० ला बसलो. नवरा ७ ते ८ बर्नरपाशी होता आणि त्या तासाचं वर्णन त्याने जेवताना दोनदा केलं. काका आत्याशी कशावर तरी जोरजोरात भांडत होते, छान वाटलं. मी पहिल्या पानालाच बसले आणि गरम जेवले.

भांड्यांची पहिली फेरी दिरांनी घेतली. फळं घेऊन उशिरा आले तेव्हा यादीत तेवढीच ओळ शिल्लक होती.

पुढच्या वेळेसाठी, विसरायच्या आत: भात उरला, तांदूळ माणशी ७५ ग्रॅम घेतले होते, एवढे पदार्थ असताना ६० पुरेत. डाळ कमी पडली, दीडपट करायची. टेबल भिंतीला टेकवून ठेवलं की एकाच बाजूने रांग लागते, ते मधे ओढायचं म्हणजे दोन्हीकडून वाढून घेता येईल. उरलेला रस्सा १० च्या आत फ्रीजमध्ये गेला. डाव अजून दोन हवेत. बर्फ नणंदेनेही आणला आणि आत्यानेही. फ्रीजरमध्ये हात घालायला जागा नाही.