सरासरीत लपलेला कोमा

डोळ्यातले प्रकाशदोष मोजणाऱ्या मशीनवर उजव्या डोळ्याची तीन रीडिंग घेतली, तिन्ही वेगळी. बाहुली प्रत्येक वेळी ६ मि.मी., पण कोमा ०.२१, ०.४७ आणि ०.२६ मायक्रॉन. (कोमा म्हणजे चष्म्याने न जाणारा दोष, दिव्याला धूमकेतूसारखी शेपटी दिसते.) मशीनने सरासरी काढली ०.३१ आणि हिरवी खूण दाखवून मोकळे झाले. त्या हिरव्या खुणेवर माझा कधीच विश्वास नसतो. चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसरसाठी आलेली पेशंट, नंबर उणे ४.५; आकडा तसाच पुढे गेला असता.

मूळ चित्र उघडले. हार्टमन-शॅक पद्धतीत डोळ्यातून परतणारा प्रकाश बारीक भिंगांच्या जाळीतून कॅमेऱ्यावर पडतो आणि शेकडो ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका जागेवरून किती सरकला, यावर सगळा हिशेब. दुसऱ्या रीडिंगमध्ये एका कडेचे ठिपके नुसते सरकले नव्हते, फिसकटले होते. म्हणजे तिथे अश्रूंचा थर तुटलेला. आकड्यात हे दिसत नाही.

चौकशी केली. शेजारच्या खोलीत कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी आधीच प्रोब टेकवून मोजली होती, म्हणजे बधिर करणारे थेंब पडलेले, आणि त्यांनी अश्रूंचा थर बिघडतो. 'रांग होती म्हणून आधी उरकलं.' स्पर्शाच्या तपासण्या शेवटी, हे भिंतीवर लिहून लावलंय, वाचतं कोण? वर पेशंटची सॉफ्ट लेन्स (तिने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो) 'दोन आठवड्यांपासून बंद' होती. पुन्हा विचारल्यावर कळले, परवा सहा तास घातली होती. हा प्रश्न दोनदा विचारावाच लागतो.

परत पाठवले. दोन आठवड्यांनी, कुठलाही थेंब न घालता: हनुवटी टेकवलेली, तीनदा उघडझाप, डोळा मोठा उघडा आणि एक-दोन सेकंदांत कॅप्चर. अशी पाच रीडिंग. कोमा ०.३३ ते ०.३५. यावेळी सगळी जुळली, आणि सगळीच त्या सरासरीपेक्षा जास्त! त्यातही कोमा उभ्या दिशेचा. टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या बाकाच्या नकाशात) कॉर्नियाचा खालचा भाग वरच्यापेक्षा १.६ डायॉप्टरने जास्त बाकदार. केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, शंका यायला एवढे पुरे. अशा कॉर्नियावर लेसर चालवला तर तो आणखी कमकुवत होऊन पुढे फुगू शकतो. सर्जननी लेसर थांबवला. सहा महिन्यांनी पुन्हा टोपोग्राफी.

पहिल्या दिवशीचे ०.२१ मात्र डोक्यातून जात नाही. तिन्हींत ठिपके सर्वांत स्वच्छ त्यातच होते. डोके किंचित कलले असेल, की थेंबांचे पाणी खालच्या पापणीशी साचले असेल? ते चित्र मी अजून पुसलेले नाही.