120 अंश, 20 सेकंद

मागील महिन्यात माझ्या डाव्या पायातील एक लांब शीर रेडिओफ्रिक्वेन्सीने बंद करण्यात आली. ग्रेट सॅफेनस हे तिचे वैद्यकीय नाव. ती घोट्याच्या आतील बाजूने वर चढत जांघेपर्यंत जाते आणि तेथे खोलवरच्या शिरेला मिळते. वैद्यकीय उपकरणांची तपासणी आणि दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्यामुळे, ज्या जातीच्या जनरेटरची (ही धारा पुरवणाऱ्या यंत्राची) मोजमापे मी अनेक वर्षे घेत आले आहे, त्याच जातीच्या यंत्रासमोर या वेळी मी स्वतः आडवी होते. यंत्राच्या पडद्यावरचे वॅटचे आकडे मला दिसतील अशा बेताने ते ठेवता येईल का, असे मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी हसून ते माझ्या बाजूला वळवले. त्या आकड्यांविषयी, आणि एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पण आतून बऱ्याच वेगळ्या असलेल्या या उपकरणांविषयी सविस्तर लिहावे, असे तेव्हापासून मनात होते.

नावातील ‘रेडिओ’मुळे घोटाळा होतो. उपचारापूर्वी घरातल्या दोघींनी मला ‘किरणे देणार का?’ असे काळजीने विचारले होते. येथे किरणोत्सर्गाचा काहीही संबंध नाही. ही केवळ दिशा बदलत राहणारी विद्युतधारा असते, आणि ती दर सेकंदाला सुमारे साडेचार लाख वेळा आवर्तन पूर्ण करते. 460 किलोहर्ट्झ ही या यंत्रांत नेहमी आढळणारी वारंवारता रेडिओच्या मध्यम लहरींच्या पट्ट्याच्या किंचित खाली येते, म्हणून हे नाव. क्ष-किरणांप्रमाणे रेणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा या वारंवारतेच्या लहरींत नसते. त्यांच्याकडून जे काही साधते ते उष्णतेने.

मग या विजेचा झटका का बसत नाही, हा प्रश्न रास्त आहे. मज्जातंतू किंवा स्नायू उत्तेजित होण्यासाठी पेशीच्या आवरणातून आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, ये-जा व्हावी लागते आणि तिला थोडा अवधी लागतो. घरातील वीज सेकंदाला 50 किंवा 60 आवर्तने करते, त्यामुळे हा अवधी तिला सहज मिळतो आणि आपल्याला झटका बसतो. आवर्तने फार वेगाने होऊ लागली, की आयन एका दिशेला सरकण्याआधीच धारा उलटते आणि मज्जातंतूपर्यंत कोणताही संदेश पोहोचत नाही. सेकंदाला 10,000 आवर्तनांच्या पुढील धारा शरीरातून गेली तरी स्नायू आकुंचन पावत नाहीत, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनव्हाल यांनी 1891 मध्ये दाखवून दिले. पुढची सर्व यंत्रे या एका निरीक्षणावर उभी आहेत.

स्नायू शांत राहिले तरी आयन जागच्या जागी थरथरत राहतात, आणि त्या घर्षणाने ऊती तापतात. अर्बुदावरील, म्हणजे शरीरातील गाठीवरील, उपचारात जी सुई आत घालतात ती स्वतः तापलेली सळई नसते; तिच्या टोकाभोवतालच्या ऊती आपल्याच विद्युतरोधामुळे तापतात. धारा टोकाशी दाटलेली असते आणि लांब जाताना पसरत जाते. टोक एखाद्या लहान गोळीसारखे आहे असे मानले, तर अंतर दुप्पट झाल्यावर धारेची घनता एक चतुर्थांश होते आणि उष्णता घनतेच्या वर्गाप्रमाणे घटत असल्यामुळे ती एक षोडशांशावर येते. म्हणजे विजेने प्रत्यक्ष तापतो तो टोकाभोवतीचा काही मिलिमीटरचा थर. त्यापलीकडे उष्णता केवळ ऊतींमधून झिरपत जाते. या उपकरणांची शक्ती आणि मर्यादा दोन्ही या गणितात आहेत.

हीच धारा शरीरातून बाहेर पडण्यासाठी मांडीवर किंवा पाठीवर एक मोठा चिकट पॅड लावलेला असतो. धारा तेवढीच, पण क्षेत्रफळ मोठे, म्हणून तेथे काही जाणवत नाही. पॅडचा कोपरा सुटला, त्याखाली केस किंवा हवा राहिली, तर तीच धारा उरलेल्या लहान भागातून जाऊ लागते आणि शस्त्रक्रियेच्या जागेपासून दूर, कोणाचेही लक्ष नसलेल्या ठिकाणी भाजते. यासाठी पॅडचे दोन भाग करून यंत्र त्यांच्यामधील विद्युतरोध सतत मोजत असते आणि तो बदलला की धारा तोडून भोंगा वाजवते. ‘यंत्र बिघडले आहे, उगीच वाजते’ अशी तक्रार आली म्हणून मी धावत गेले आणि प्रत्यक्षात पॅड कोरडा पडलेला निघाला, असे माझ्या नोकरीत इतक्या वेळा घडले आहे, की मी आता जनरेटर उघडण्याआधी पॅडच्या पाकिटावरील मुदतीची तारीख पाहते.

शस्त्रक्रियेच्या खोलीत या धारेला स्थान मिळाले ते 1926 मध्ये. विल्यम बोव्ही यांनी बांधलेले यंत्र मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी त्या वर्षी 1 ऑक्टोबर रोजी बोस्टन येथे डोक्यावरील एक अर्बुद काढण्यासाठी वापरले. रक्तस्रावामुळे तीच शस्त्रक्रिया काही दिवसांपूर्वी अर्धवट थांबवावी लागली होती. सलग धारा दिली की पेशींतील पाण्याची क्षणात वाफ होऊन ऊती कापल्या जातात. तीच धारा तुटक तुटक दिली की मधल्या विरामात उष्णता पसरते आणि रक्त गोठते. एका यंत्राने कापावे आणि त्यानेच रक्त थांबवावे, ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला विशेष वाटत नाही.

कापण्याऐवजी ऊती जागच्या जागी मारायच्या असतील, तर मात्र जास्त शक्ती देणे हा उपाय ठरत नाही, आणि या विषयातील मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. 50 अंशांच्या आसपास पेशी काही मिनिटांत मरतात आणि 60 अंशांच्या पुढे प्रथिने जवळजवळ तत्काळ गोठतात, अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणे. त्यामुळे अधिक तापवावे असा मोह होतो. पण 100 अंशांजवळ पाण्याची वाफ होते, टोकाभोवतालची ऊती कोळसा होते, आणि कोळसा व वाफ दोन्ही विजेला वाट देत नाहीत. रोध एकदम वाढतो, धारा थांबते, आणि बाहेरचा भाग कच्चाच राहतो. यावर उपाय म्हणून सुई आतून पोकळ करून तिच्यातून थंड पाणी फिरवले जाते. जाळायच्या सुईला थंड ठेवायचे, हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु टोक थंड राहिल्यामुळे कोळसा होत नाही, सर्वाधिक तापमान टोकापासून थोडे दूर सरकते, आणि मरणाऱ्या ऊतींचा गोळा मोठा होतो.

यकृतातील अर्बुदांसाठी ही पद्धत वापरता येईल, असे दोन स्वतंत्र गटांनी 1990 मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडले. साधारण 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी ती चांगली चालते. त्याहून मोठ्या गाठीच्या कडेला जिवंत पेशी उरण्याचा धोका वाढतो. गाठ एखाद्या मोठ्या रक्तवाहिनीला टेकलेली असेल, तर वाहते रक्त त्या बाजूची उष्णता वाहून नेते आणि नेमक्या त्याच कडेला काम अपुरे राहते. हृदयात अनियमित ठोके निर्माण करणारा विद्युतमार्ग तोडणे, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा या हाडातील लहानशा पण रात्री छळणाऱ्या गाठीचा बंदोबस्त करणे, चेहऱ्याच्या मज्जातंतूची असह्य वेदना शमवणे, ही सर्व कामे हीच धारा करते आणि त्या प्रत्येकावर वेगळे लिहावे लागेल.

आता शिरांकडे वळते. पायाच्या शिरांमध्ये रक्त खाली येऊ न देणाऱ्या झडपा असतात. त्या निकामी झाल्या की उभे राहिल्यावर रक्त उलटे ओघळते, शीर फुगते, वळसे घेते, संध्याकाळी पाय जड होतो आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास घोट्याजवळची कातडी काळवंडून जखम होते. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1890 मध्ये शीर वर बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया सांगितली. 1907 मध्ये बॅबकॉक यांनी आतून तार घालून संपूर्ण शीर ओढून काढण्याची पद्धत आणली, आणि पुढील सुमारे नव्वद वर्षे मुख्य उपचार थोड्याफार फरकाने तोच राहिला.

शिरेसाठीच्या पहिल्या रेडिओफ्रिक्वेन्सी उपकरणाला अमेरिकेत 1999 मध्ये परवानगी मिळाली. त्याच्या टोकाला छत्रीसारखे उघडणारे लहान इलेक्ट्रोड होते. ते शिरेच्या भिंतीला टेकत, धारा खरोखरच भिंतीतून जाई, आणि तापमान 85 अंशांच्या आसपास राखत डॉक्टर कॅथेटर (शिरेत घातलेली बारीक लवचीक नळी) मिनिटाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथपणे मागे ओढत. इलेक्ट्रोडवर रक्त गोठून चिकटले की ते बाहेर काढून पुसावे लागे. 2007 च्या सुमारास आलेल्या पुढच्या पिढीने हे सारेच बदलले. त्यात टोकाशी 7 सेंटिमीटर लांबीचे वेटोळे असते, ते 120 अंशांपर्यंत तापते, 20 सेकंदांनी यंत्र आपोआप थांबते, कॅथेटरवरील खुणेनुसार साडेसहा सेंटिमीटर मागे घ्यायचे आणि पुन्हा बटण दाबायचे.

येथे माझ्या व्यवसायातील चिकित्सकपणा जागा होतो. या नव्या कॅथेटरमध्ये धारा रुग्णाच्या शरीरातून जातच नाही. ती वेटोळ्यातच फिरते, वेटोळे तापते, आणि उष्णता स्पर्शाने शिरेच्या भिंतीला मिळते. त्यामुळे मांडीवर पॅडही लावावा लागत नाही. काटेकोरपणे पाहिले तर हे उपकरण तत्त्वाने यकृतातील सुईपेक्षा सोल्डरिंगच्या तापत्या सळईला अधिक जवळचे आहे. रेडिओफ्रिक्वेन्सी ही फक्त त्या सळईला मिळणारी वीज. नाव मात्र तेच राहिले, आणि माहितीपत्रकांतून ‘रेडिओलहरी शिरेवर सोडल्या जातात’ अशी वाक्ये अजूनही छापली जातात.

प्रत्यक्ष उपचारात सर्वाधिक वेळ तापवण्यात जात नाही. सोनोग्राफीत पाहत गुडघ्याजवळून बारीक नळीवाटे कॅथेटर आत सरकवला गेला आणि त्याचे टोक जांघेतील संगमापासून 2 सेंटिमीटर अलीकडे ठेवण्यात आले, म्हणजे खोल शिरेला झळ पोहोचू नये. त्यानंतर शिरेभोवती, तिच्या संपूर्ण लांबीभर, अतिशय पातळ केलेले भुलीचे औषध आणि क्षारयुक्त पाणी सुईने भरण्यात आले. दुखले ते एवढेच, एकामागून एक बसलेल्या टोचण्या. हे पाणी तीन कामे करते: भाग बधिर करते, बाहेरून दाबून शिरेची भिंत कॅथेटरला चिकटवते, आणि शीर व कातडी यांच्यामध्ये अंतर निर्माण करून उष्णता शोषून घेते. 120 अंशांची वस्तू मांडीत असताना मला काहीच जाणवले नाही, याचे श्रेय मी जनरेटरपेक्षा या पाण्याला देईन.

पडद्यावरचे आकडे मी सांगितल्याप्रमाणे पाहत होते. सुरुवातीला तापमान चढवण्यासाठी वॅट उसळी घेतात आणि 120 अंश गाठल्यावर ते झपाट्याने खाली येतात, कारण तेवढे तापमान टिकवायला थोडी शक्ती पुरते. ते खाली येत नसतील, तर शीर पुरती दबलेली नाही आणि रक्त अजून वाहत उष्णता घेऊन जात आहे, असा त्याचा अर्थ. माझ्या तिसऱ्या टप्प्यात आकडा रेंगाळला. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा प्रोब थोडा अधिक दाबला आणि आकडा खाली आला. यकृतात जी अडचण शेजारच्या रक्तवाहिनीची, तीच येथे शिरेतील उरलेल्या रक्ताची. संगमाजवळच्या पहिल्या टप्प्यात दोनदा उष्णता दिली, बाकी ठिकाणी एकदा.

ही पद्धत इतरांपेक्षा कितपत सरस आहे, याबद्दल मी सावध आहे. डेन्मार्कमध्ये 500 रुग्णांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, शिरेत औषधाचा फेस सोडणे आणि शीर ओढून काढणे हे चारही उपचार परिणामकारक ठरले. शीर बंद न होण्याचे प्रमाण फेसात अधिक होते, आणि रेडिओफ्रिक्वेन्सी व फेस यांत वेदना कमी होऊन रुग्ण लवकर कामाला लागले. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी 2013 मध्ये उष्णतेने शीर बंद करण्याला पहिली पसंती दिली. पायावर जखम असलेल्या 450 रुग्णांच्या 2018 मधील अभ्यासात शिरेच्या आतून लवकर उपचार केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम 56 दिवसांत भरली, उशिरा उपचार झालेल्यांपैकी निम्म्यांची 82 दिवसांत. माझ्या मते हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो दिसण्याविषयी नसून बऱ्या होणाऱ्या जखमेविषयी आहे. कातडी घट्ट करण्यासाठी आणि तारुण्य परत आणण्यासाठी याच धारेची जी यंत्रे विकली जातात, त्यांच्या जाहिराती या पुराव्याच्या सावलीत उभ्या राहतात, हे मला खटकते.

धोके थोडे आहेत, पण आहेत. संगमाजवळची गुठळी खोल शिरेत डोकावू शकते, म्हणून काही दिवसांत पुन्हा सोनोग्राफी करतात. गुडघ्याखाली संवेदनेचा मज्जातंतू शिरेला चिकटून धावतो, त्यामुळे तेथे तापवल्यास बधिरपणा राहू शकतो. माझ्या पोटरीतील वाकड्या फांद्या त्यामुळे वेगळ्या, लहान छेदांतून काढल्या. बंद केलेली शीर पुढे हृदयाच्या बायपाससाठी वापरता येत नाही, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितले होते; अर्थात इतकी फुगलेली शीर त्या कामाला फारशी चांगली नसतेच.

टेबलावरून उतरून मी चालत बाहेर आले. दहाव्या दिवसाच्या सुमारास मांडीच्या आत कोणीतरी दोरी ताणून धरली आहे असे वाटू लागले; भिंतीतील कोलॅजन हे प्रथिन आकसून शिरेची दोरीसारखी पट्टी होत असल्याचे ते लक्षण, आणि ते तीन आठवड्यांत ओसरले. परवाच्या डॉपलर तपासणीत, म्हणजे वाहते रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, त्या शिरेच्या जागी करडी रेघ दिसली, आत रंग नव्हता. नंतर डॉक्टरांनी उजवा पाय तपासला. तेथेही गुडघ्याच्या मागे दोन निळ्या शिरा उठून दिसतात, म्हणून मी मनातल्या मनात पुढची तारीख ठरवून गेले होते. उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तरच झडप निकामी मानतात, माझा 0.3 सेकंद भरला. डॉक्टरांनी प्रोब पुसून ठेवला आणि यंत्र बंद केले.