आई-आप्पा न्यूझीलंडला निघाले, त्याची तयारी

घरातली मोठी माणसं पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणार असतील तर बॅगा काढायच्या आधी कागद काढा, आणि कागदावर जे विचारलंय त्याचं खरंखुरं उत्तर लिहा, एवढं एक जरी या पोस्टमधून कोणी घेतलं तरी मला बरं वाटेल. आमचे आई-आप्पा सांगली जिल्ह्यातले, आप्पा ऊस आणि म्हशीवाले शेतकरी, आई झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली. दादा-वहिनी हॅमिल्टनला असतात, ऑकलंडपासून गाडीने साधारण १२५ किलोमीटर. दिवाळी झाल्यावर दोघांनी तिकडे जायचं ठरलं आणि पुण्यात असल्यामुळे सगळी तयारी माझ्याकडे आली.

नोव्हेंबर ठरवला कारण तिकडे तेव्हा वसंत असतो, थंडी ओसरलेली असते आणि दिवस मोठा असतो. पण आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे दोन गोष्टींचा महिना, एक ऊसतोड आणि दुसरी आईचा हयातीचा दाखला. पेन्शनवाल्यांना हा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते, म्हणून तिकीट काढतानाच महिन्याचा पहिला आठवडा सोडून पुढची तारीख धरली, आई बँकेत जाऊन सही करून आली आणि मगच बॅग भरायला बसली. उसाचं चुलतभावाने अंगावर घेतलं, म्हशींचंही त्यानेच. हे सगळं प्रवासाच्या तयारीत कोणी मोजत नाही, पण आप्पांचं अर्धं चित्त गोठ्यातच राहणार असेल तर तिकडे जाऊन काय उपयोग, म्हणून धारेला कोण, वैरण कोण आणणार, डॉक्टरचा नंबर कुठे, हे सगळं एका वहीत लिहून ठेवलं.

व्हिसा ऑनलाइन होतो, पासपोर्टवर स्टिकर वगैरे काही येत नाही, ईमेलवर पत्र येतं, त्याची प्रिंट काढून दोघांच्या पाकिटात ठेवली. पासपोर्ट तिथून परत निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा. पैसे किती दाखवायचे तर माणशी महिन्याला १००० न्यूझीलंड डॉलर, राहायची सोय आधीच झालेली असेल तर ४००. व्हिसाच्या फीसोबतच १०० डॉलर पर्यटकांचा कर म्हणून घेतात, तो आधी ३५ होता, ऑक्टोबर २०२४ पासून वाढला. आमचा मुक्काम सहा महिन्यांच्या आतला म्हणून छातीचा एक्स-रे वगैरे लागला नाही. वेळ गेला तो आप्पांच्या कागदांत. माणूस परत येणार आहे हे दाखवायचं तर नोकरीवाल्याकडे कंपनीचं पत्र असतं, शेतकऱ्याकडे काय असतं, सातबारा! मग सातबारा, आठ अ, कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक असं सगळं जोडलं, आणि जे मराठीत होतं त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, कारण इंग्रजी नसलेला कागद तसाच टाकून चालत नाही. भाषांतर करणाऱ्याला गुंठे म्हणजे काय, फेरफार म्हणजे काय ते समजावत मी शेजारी बसले होते. वेळ लागला पण त्या कागदांनीच अर्ज भक्कम झाला असं माझं मत आहे. शेतकरी आई-वडिलांची मुलं उगाच घाबरतात की आपल्याकडे सॅलरी स्लिप नाही, अहो सातबाऱ्यापेक्षा घट्ट बंध कुठला?

विमान मुंबई ते सिंगापूर आणि तिथून ऑकलंड असं घेतलं. ऑस्ट्रेलियामार्गे तिकीट थोडं स्वस्त दिसत होतं पण भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायचं असेल तरी ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो, तो फुकट असला तरी अर्ज भरायचाच, सिंगापूरला मात्र विमानतळाबाहेर न पडता पुढे जाता येतं. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं घ्या म्हणजे बॅगा मुंबईत दिल्या की थेट ऑकलंडलाच. आईच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवली. आई आधी नको म्हणत होती, लोक काय म्हणतील, पण व्हीलचेअर घेतली की सोबत नेणारा माणूस असतो, गेट शोधायची चिंता नाही आणि इंग्रजी बोलायची वेळ आली तरी तो असतो, हे सांगितल्यावर तयार झाली.

जेवणाचं तर आवर्जून सांगते. तिकिटावर 'हिंदू मील' असा पर्याय दिसतो आणि आपली माणसं शाकाहारी समजून तोच निवडतात, पण त्यात मांसाहार असतो, फक्त गोमांस नसतं. आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं तर 'एशियन व्हेजिटेरियन' निवडायचं, त्याचा कोड एव्हीएमएल. माळकरी माणूस असेल तर हे दोनदा तपासा.

औषधं. आप्पांना शुगर आहे, इन्सुलिन घेतात, आईला बीपी. न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती जास्तीत जास्त ३ महिन्यांची औषधं नेता येतात, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह. गोळ्या स्ट्रिपमधून काढून प्लॅस्टिकच्या डबीत भरायची सवय असेल तर या प्रवासापुरती सोडा. डॉक्टरांकडून टाईप केलेलं पत्र घेतलं, त्यात कंपनीचं नाव नाही तर औषधाचं मूळ नाव, कारण आपल्याकडचे ब्रँड तिकडच्या डॉक्टरला कळणार नाहीत. इन्सुलिन थंड पिशवीत घालून हातातल्या बॅगेत, सामानाच्या बॅगेत कधीही नाही, विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठू शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घड्याळ. नोव्हेंबरात तिकडे आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतात, मग विमानात इन्सुलिन कधी घ्यायचं, किती घ्यायचं? हे आपल्या मनाने ठरवायचं नाही. डॉक्टरांनी तिकिटाच्या वेळा समोर ठेवून कागदावर लिहून दिलं आणि तो कागद आप्पांच्या शर्टाच्या खिशात होता.

इन्शुरन्सबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, तिथे अपघात झाला, पडलं-झडलं तर पाहुण्यांच्या उपचारालाही सरकारी एसीसी योजना मदत करते, पण आजारपण त्यात येत नाही. म्हणजे पाय मोडला तर एक वेळ निभावेल, छातीत दुखलं तर सगळं बिल आपलं. म्हणून जुने आजार धरणारीच पॉलिसी घेतली, महाग पडली, आणि अर्जात शुगर-बीपी किती वर्षं आहे ते सगळं लिहिलं. एजंट म्हणत होता कशाला लिहिताय, प्रीमियम वाढेल. वाढू दे की. लपवलेल्या आजारावर क्लेम नाकारला तर तिकडे दादा काय करणार?

आता खाण्याचं, आणि इथे आमच्या घरात खरी चर्चा झाली. दिवाळी नुकतीच झालेली, आईच्या डोक्यात चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, करंज्या, लोणचं, मेतकूट, शिवाय मळ्यातला मध आणि वहिनीच्या परसबागेसाठी घेवडा-दोडक्याच्या बियांची पुडी, जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधून ठेवलेली. न्यूझीलंड या बाबतीत फार कडक आहे. खाण्याची कुठलीही वस्तू, झाडापासूनची, प्राण्यापासूनची, देशात शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहायची म्हणजे लिहायची. न लिहिता सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड, मग ते विसरलेलं एक सफरचंद का असेना. बॅगांचे एक्स-रे होतात, वास घेणारी कुत्री फिरत असतात.

आईला हे जरा जाचकच वाटत होतं, पण आप्पांना एका वाक्यात पटलं. मी सांगितलं की आप्पा, त्या देशात लाळ-खुरकूत आजवर कधीच आलेली नाही. आप्पा गप्प झाले. ज्याने गोठ्यात तोंडाला फेस आलेली, खूर सुजलेली, वैरणीला तोंड न लावणारी म्हैस बघितलीय त्याला आणखी काय सांगायचं? मग आईला तेच समजवायला लागले, "अगं त्यांचं सगळं दुधावर चालतंय, आपल्या पिशवीतनं रोग गेला तर त्या माणसांनी काय करायचं?" फळमाशीचंही तसंच, २०१५ मध्ये ऑकलंडच्या एका भागात काही फळमाश्या सापडल्या तर त्या भागातून फळं बाहेर न्यायलाच बंदी घातली होती.

मग छाटणी झाली. मध बाद, तो तिथे चालतच नाही. बिया बाद, आईने पुडी परत कपाटात ठेवली आणि वहिनीला फोनवर सांगितलं की तिकडच्याच नर्सरीतून बी आण, लावायचं कसं ते मी आल्यावर दाखवते. ताजा कढीपत्ता, नारळ, पूजेची पानं-फुलं बाद. तूप आणि खव्याचं काही घेतलंच नाही, दुधाच्या पदार्थांचे नियम किचकट आहेत आणि दादाच्या गावात लोणी काय कमी आहे? उरलं ते चिवडा, चकली, दळलेला मसाला, दुकानातलं सीलबंद लोणचं. सगळं एकाच बॅगेत, वरच्या बाजूला, आणि प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव आणि कशाचं बनलंय ते चिकटवलं, म्हणजे अधिकाऱ्याने विचारलं की आईने फक्त पाकीट पुढे करायचं. ठेवायचं की काढून घ्यायचं ते तो बघून ठरवेल, लिहिलेलं असलं की दंड नाही, फार तर वस्तू जाईल.

हा फॉर्म म्हणजे न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन, प्रवास सुरू व्हायच्या आधीच्या २४ तासांत ऑनलाइन भरता येतो, प्रत्येकाचा वेगळा, आणि तो फुकट आहे, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या काही साइट पैसे मागतात तिकडे जाऊ नका. त्यात एक प्रश्न असतो की गेल्या ३० दिवसांत शेतावर गेला होता का, कुत्र्या-मांजराशिवाय इतर जनावरांना हात लावला होता का. आप्पा म्हणाले, "म्हशीला हात लावल्याबिगर एक दिवस तरी जातोय व्हय माझा?" ओळखीतल्या एकाने सल्ला दिला की नाही लिहा, उगाच चौकशी होते. आम्ही हो लिहिलं. मळ्यात वापरलेल्या चपला घरी ठेवल्या, प्रवासाचे बूट नवे घेतले, तरी आप्पांनी ते तळापासून ब्रशने घासले, आणि कपडे सगळे गरम पाण्यात धुतलेले.

बारीकसारीक सामान पटकन सांगते. प्लग तिकडे तीन चपट्या पिनांचा, वरच्या दोन तिरक्या, ॲडॉप्टर इथूनच घ्या, व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. ऊन थंड वाटतं पण कातडी भाजतं, टोपी आणि सनस्क्रीन आप्पांनाही. थर्मल एकेक पुरे, वर स्वेटर.

ऑकलंडला आप्पांना बाजूला घेतलं, कुठली जनावरं, शेवटचा हात कधी लावला, बूट दाखवा. पाच-दहा मिनिटं. बूट उलटे करून बघितले आणि परत दिले, आईची पाकिटं वाचली, मसाला-चिवडा सगळा पास. दादा बाहेर उभा होताच.

आता आप्पांना तिकडचा गोठा बघायचाय. वायकाटो, म्हणजे हॅमिल्टन आणि आसपासचा भाग, दुधाचाच पट्टा, आणि फॉन्टेरा ही तिथली मोठी दूध कंपनी शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे हे कळल्यापासून तर त्यांना चैन नाही. दादाने ओळखीच्या एका डेअरीवाल्याला विचारलं, तो या म्हणाला, फक्त बूट धुवून या, कारण २०१७ मध्ये तिकडे गायींत मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा रोग सापडला तेव्हापासून शेतकरी बाहेरच्या माणसाच्या पायांकडे आधी बघतात. आप्पांनी फोनवर मला विचारलं, "गायी बारा महिने रानातच असतात म्हणं, मग पावसात धार काढत्यात कुठं?" शनिवारी बघून आले की सांगणार आहेत.