इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या खोलीसाठी रिसीव्हर

नवा टीव्ही भिंतीवर लागला आणि बाबांना संवाद कळेनासे झाले. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येतं, कमी केला की माणसं पुटपुटतात. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. म्हणजे गोम टीव्हीत होती. हल्लीच्या चपट्या टीव्हींचे स्पीकर चिमुकले, आणि त्यांची तोंडं खाली नाहीतर मागे. सिनेमाचा ५.१ साउंड त्या दोन स्पीकरांत कोंबला की संवाद, पाऊस, ढोल आणि मोटारी सगळे एकाच दारातून बाहेर पडायला धडपडतात.

५.१ मध्ये बोलण्याला स्वतःची जागा असते. समोर डावा-उजवा, बाजूला दोन सराउंड, खर्जाचा एक सबवूफर (हाच तो '.१') आणि टीव्हीखाली मधोमध सेंटर. बहुतेक सगळे संवाद सेंटरमधून येतात. हा एक स्पीकर वेगळा असावा आणि त्याचाच आवाज गरजेप्रमाणे चढवता यावा, एवढीच माझी मागणी होती. चांगला साउंडबारही, म्हणजे टीव्हीखालची स्पीकरची एकसंध पट्टीही, हे काम करतो, नाही असं नाही. पण पुण्यात नोकरीला असताना घेतलेली बुकशेल्फ स्पीकरची जोडी माळ्यावर धूळ खात होती, त्याच मालिकेतला सेंटर अजून मिळत होता, आणि साउंडबारमधलं एक काही बिघडलं की अख्खी पट्टी बदलावी लागते. म्हणून एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन तो प्रत्येक स्पीकरला वाटून देणारा ॲम्प्लिफायर, घ्यायचं ठरलं.

सुरुवात अर्थातच जेल रोडवरून. पहिल्याच दुकानात ऐकायला मिळालं, "भिया, हजार वॉट का है, पूरी कॉलोनी हिल जाएगी." कॉलनी आहे तशी बरी आहे, असं मी म्हटलं. पण या वॉटच्या आकड्यांनी सगळ्यांनाच भुलवलेलं असतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

दुकानदाराला एका रिसीव्हरचं खोकं उलटं करायला लावलं. समोर ठळक अक्षरात १४० वॉट. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल. म्हणजे एकच स्पीकर जोडलाय, त्यावर एकच सूर वाजतोय, तोही फाटलेला, आणि त्यातून निघालेला हा आकडा. आतल्या पुस्तिकेत त्याच यंत्राचा दुसरा आकडा होता: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन, ८० वॉट. दोन्ही आकडे खरेच. पण दोन रिसीव्हरांची तुलना करायची तर पुस्तिकेतल्यासारख्या आकड्यांनी करावी.

आणि एवढं करूनही ८० आणि १०० वॉटमध्ये फरक पडतो जेमतेम एका डेसिबलचा. ३ डेसिबल वाढवायला ताकद दुप्पट लागते, १० डेसिबलला दहापट. माझ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल, म्हणजे एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८७. सोफा तीन मीटरवर, तिथे साधारण ७७-७८ उरतात. घरात मालिका बघताना संवाद ७० डेसिबलच्या आसपास असतात. त्यांना पाव वॉटसुद्धा लागत नाही. एखादा स्फोट ९० पर्यंत उसळला तर १८-२० वॉट. चित्रपटगृहाचा संदर्भ सरासरी ८५ आणि उसळी १०५ डेसिबल असा धरतात. तेवढं आमच्या घरात कोणाला नको आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, तेव्हा वर्षभराचा कोटा भरून निघतो.

वॉट बाजूला पडले आणि प्रश्न आला चॅनलचा. जो तो ॲटमॉस घे म्हणत होता, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणारी पद्धत. डॉल्बी ॲटमॉस घरगुती यंत्रांत आलं २०१४ मध्ये, पाठोपाठ २०१५ मध्ये तशीच डीटीएस:एक्स, आणि आता खोक्यावर ते नाव नसलेला मधल्या किमतीचा रिसीव्हर शोधावा लागतो. ५.१.२ मधला शेवटचा २ म्हणजे डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचे स्पीकर. ते छतात बसवायचे, किंवा पुढच्या स्पीकरवर वर तोंड करून ठेवायचे आणि छतावरून आवाज परतवायचा. या दुसऱ्या पद्धतीला छत सपाट आणि कडक लागतं, उंची शक्यतो साडेसात ते बारा फूट. आमचं घर आजोबांच्या वेळचं. छताला सागवानी तुळया, वर फळ्या. आवाज वर जाऊन तुळयांत कुठे हरवेल ते सांगता येणार नाही. छतात भोकं पाडायचा विषय काढताच बाबा म्हणाले, "टीव्हीसाठी घराला भोकं? मी आपला रेडिओ ऐकीन." ॲटमॉस तिथेच संपलं.

मग सरळ स्वस्तातला पाच चॅनलचा घ्यावा का? मला वाटतं, इथेच थोडे पैसे जास्त घालणं बरं. बऱ्याच कंपन्यांच्या अगदी खालच्या मॉडेलमध्ये ईआर्क (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणायची सोय, पुढे सांगतो) नसतं आणि खोलीचा आवाज दुरुस्त करणारी यंत्रणाही साधी असते. या दोन गोष्टी नीट मिळायला लागतात सात चॅनलपासून. मी सातचा घेतला आणि दोन चॅनल रिकामे ठेवले. कुणी विचारलं तर सांगतो, ते पाहुण्यांसाठी आहेत.

ईआर्कबद्दल दुकानात नीट उत्तर मिळत नाही, "सब चलता है भिया" एवढंच. टीव्हीतल्या ॲपचा आवाज एचडीएमआय केबलमधून उलटा रिसीव्हरकडे यावा यासाठी आर्क, २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून. त्यातून डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे दाबून लहान केलेला सराउंड आवाज, येतं, आणि ओटीटीवाले बहुधा तेच पाठवतात, म्हणून नुसते ॲप बघणाऱ्याला आर्कही पुरतं. ब्लू-रे डिस्कवरचं, काहीही न गाळलेलं डॉल्बी ट्रूएचडी मात्र त्यात मावत नाही. त्याला आर्कची सुधारित आवृत्ती, ईआर्क हवं, किंवा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडायचा. ऑप्टिकल केबल तर त्याहून मागची. तिच्यातून डॉल्बी डिजिटल प्लससुद्धा जात नाही. घरी आल्यावर टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघितलं. चार एचडीएमआयपैकी एकावरच 'ईआर्क' लिहिलेलं होतं, आणि त्यात सेट-टॉप बॉक्स खुपसलेला. खरेदीआधी हे बघून ठेवावं, लोक नंतर रिसीव्हरला शिव्या देतात.

आईची अट वेगळीच होती. "मला दोन रिमोट देऊ नकोस." याला उत्तर सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकाच रिमोटने चालवायची सोय. सॅमसंगमध्ये त्याला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, काम तेच. टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हर चालू-बंद होतो, आवाजही त्यानेच कमी-जास्त होतो. त्याबरोबर स्टँडबाय पास-थ्रू आहे ना, तेही विचारून घेतलं, म्हणजे रिसीव्हर बंद ठेवूनही सेट-टॉप बॉक्सचं चित्र टीव्हीवर येतं. दुपारी भाजी निवडताना आई बातम्या लावते, तेवढ्यासाठी सहा स्पीकर तापवायची गरज नाही.

शेवटी निवड अडली खोलीचा आवाज दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेवर. डेनॉन-मरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, ओंक्योच्या नव्या मॉडेलांत डिरॅक लाइव्ह. कोटा फरशी, उघड्या भिंती, दोन मोठ्या खिडक्या; आमच्या खोलीत टाळी वाजवली तर तीच परत ऐकू येते. मी डेनॉन घेतला. ऑडिसी होतंच, पण खरं कारण रिमोटवरचं 'ऑप्शन' बटण: सिनेमा चालू असतानाच सेंटरची पातळी त्यातून बदलता येते. एका ओळखीच्याने परदेशातून आणलेला रिसीव्हर निम्म्या किमतीत देऊ केला होता. मागची पट्टी वाचली, १२० व्होल्ट. आपल्याकडे २३० व्होल्ट. जड ट्रान्सफॉर्मर आणा, वॉरंटी नाही, दुरुस्तीला कोणी हात लावत नाही, नको म्हटलं.

स्पीकरची वायर महाराणी रोडवरून घेतली. महागड्या वायरींच्या नादी लागू नये, दहा-बारा मीटरपर्यंत १६ गेज जाडी भरपूर होते. फक्त तांबं खरं हवं. दुकानदाराकडून तुकडा घेतला आणि ब्लेडने तार खरवडली. पहिल्या रिळात तांबूस थराखाली चांदीसारखा पांढरा रंग निघाला, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुसऱ्या रिळाची तार आतपर्यंत लालच होती. तीच घेतली.

सबवूफर कुठे ठेवायचा याची एक युक्ती आहे, ती वेडेपणाची वाटते पण चालते. सबवूफर सोफ्यावर बसायच्या जागी ठेवायचा, डग्ग्याचा नाद असलेलं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत ऐकायचं. जिथे डग्गा घुमत नाही आणि गायबही होत नाही, ती सबवूफरची जागा. माझ्या मागोमाग मुलगीही रांगत होती. जागा निघाली देवघराच्या भिंतीला लागून. ती आईने नामंजूर केली. दुसऱ्या क्रमांकाची जागा खिडकीखाली मिळाली. सोफाही भिंतीपासून दीडेक फूट पुढे ओढला, कारण भिंतीला टेकून बसलं की खर्ज फुगतो.

ऑडिसीच्या मोजणीला घरात चिडीचूप लागते. माइक कानाच्या उंचीवर स्टँडला लावायचा, पंखा बंद, फ्रिज बंद, मग प्रत्येक स्पीकरमधून 'टुइईप' असा चढता आवाज निघतो आणि यंत्र मोजत बसतं. मी सकाळची वेळ निवडली होती, आणि इंदूरमध्ये सकाळी काय येतं? कचरागाडी, स्वच्छतेचं गाणं वाजवत. पडद्यावर सूचना आली, आसपास आवाज फार आहे. गाडी गेली तर भाजीवाल्याचं रेकॉर्डिंग, 'आलू, प्याज, टमाटर'. शेवटी मोजणी दुपारी, खिडक्या लावून, घाम पुसत झाली.

निकाल डोळे मिटून मान्य करू नये. पुढची जोडी भिंतीजवळ असल्याने तिचा खर्ज यंत्राला जास्त वाटला आणि त्याने तिला 'लार्ज', म्हणजे खर्जही पेलणारी, ठरवलं. मी सगळ्या स्पीकरांना 'स्मॉल' केलं आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज वेगळा काढायची सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला. त्याखालचं सगळं सबवूफरकडे. सेंटर तीन डेसिबल चढवला, आणि त्याचं तोंड लाकडी पाचरी लावून थोडं वर, कानाकडे केलं. त्या पाचरींनी पडलेला फरक मला त्या तीन डेसिबलपेक्षा मोठा वाटतो. खोलीत जाडसर सतरंजी अंथरली, खिडक्यांना जड पडदे आले. बाबांनी नाटकाचं एक रेकॉर्डिंग लावून बघितलं आणि आवाज कमी करायला सांगितला. या घरात हे वाक्य फार दिवसांनी ऐकलं.

गाण्यासाठी मात्र ही सगळी सजावट बंद. उस्ताद अमीर खाँ ऐकायचे तर 'डायरेक्ट' मोड, दोनच स्पीकर. बैठक समोर बसलेली असताना तानपुरा मागच्या भिंतीतून कशाला?

राहिला प्रश्न जागेचा. रिसीव्हर तापतो, वरून मोकळी हवा लागते. टीव्हीखालच्या फडताळाचं दार त्यासाठी काढून टाकलं. उघडं यंत्र आईला बरं दिसत नाही, म्हणून ती त्यावर क्रोशाचा रुमाल टाकते. वरच्या झरोक्यांतून गरम हवा निघते, झाकू नकोस, असं सांगून झालंय. मी रुमाल काढतो, ती परत टाकते. आता सुताराला जाळीचं दार करायला सांगितलंय, ते कोणत्या लाकडाचं यावर घरात वाद चालू आहे.