चालू सर्व्हरवर डिस्क वाढवताना
त्या दिवशी लिनक्स सर्व्हरची ४० जीबीची रूट (म्हणजे मुख्य) फाइलसिस्टीम ९८ टक्के भरली होती आणि डेटाबेस तिच्यावरच चालू होता. व्हर्च्युअल डिस्क ८० जीबी केली, तरी जागेचा हिशेब दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा जुनाच आकडा दाखवत राहिली; कारण डिस्क, पार्टिशन (डिस्कचा आखून वेगळा केलेला भाग) आणि फाइलसिस्टीम (त्या भागात फाइल्स मांडण्याची व्यवस्था) हे तीन वेगळे थर असून प्रत्येक थर स्वतंत्रपणे वाढवावा लागतो. पार्टिशन वाढवणाऱ्या ‘ग्रोपार्ट’ या आज्ञेला डिस्कचे नाव आणि पार्टिशनचा क्रमांक मध्ये मोकळी जागा सोडून द्यायचा असतो, हे घाईत हमखास विसरते. ‘ग्रोपार्ट’ने पार्टिशनची शेवटची सीमा पुढे सरकवली. सुरुवातीचा सेक्टर (डिस्कवरचा छोटा ठरावीक तुकडा) मात्र जागचा हलता कामा नये, नाहीतर फाइलसिस्टीम सापडणारच नाही. मग फाइलसिस्टीमचा आकार बदलणारी ‘रिसाइजटूएफएस’ ही आज्ञा चालवताच काही सेकंदांत ईएक्सटी४ प्रकारची ही फाइलसिस्टीम नव्या जागेपर्यंत पसरली आणि डेटाबेस अखंड चालू राहिला.

पार्टिशनला लागूनच स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) असते, तर सीमा पुढे सरकायला वाव नसता आणि हे इतके सहज जमले नसते.

आकार कमी करणे मात्र खरोखर जोखमीचे आहे. ईएक्सटी४ त्यासाठी अनमाउंट करावीच, म्हणजे वापरातून काढावीच लागते, आणि आधी फाइलसिस्टीम, नंतर पार्टिशन हा क्रम उलटला तर शेवटाकडचा डेटा कापला जातो. बीटीआरएफएस ही दुसऱ्या प्रकारची फाइलसिस्टीम माउंट (वापरात) असतानाही लहान करता येते, याचे मला फार मोल वाटते.