आईचा मल्टिपल मायलोमा समजून घेताना

माझ्या आईला मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील पेशींचा एक कर्करोग, आहे हे निश्चित होण्यापूर्वी तिच्यावर तीन वेगवेगळ्या दुखण्यांचे उपचार चालू होते. कंबरदुखी मणक्याच्या झिजेच्या खात्यावर टाकली गेली होती, थकव्यासाठी लोहाच्या गोळ्या होत्या आणि मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण असलेल्या वाढलेल्या क्रिएटिनिनसाठी पथ्य. आई ६४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. या वयात कंबर धरणे किंवा हिमोग्लोबिन ८.२ पर्यंत उतरणे यात कोणाला काही वावगे वाटले नाही. ही तिन्ही दुखणी एकाच आजाराची असू शकतील, असे पहिल्यांदा म्हणाले ते नागपूरच्या धंतोलीतील एक फिजिशियन.

त्यांनी नवी तपासणी सांगण्याआधी जुनी फाईल मागितली आणि यकृताच्या अहवालातील एका ओळीवर पेन टेकवले. एकूण प्रथिने १०.४, त्यांतील अल्ब्युमिन ३.१. उरलेले ७.३ म्हणजे ग्लोब्युलिन, जे एरवी अल्ब्युमिनपेक्षा कमीच असते. "काकू, एवढे ग्लोब्युलिन येते कुठून, ते आधी पाहू," असे म्हणून त्यांनी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातील प्रथिने वेगवेगळी करून आलेखात दाखवणारी तपासणी, लिहून दिली. निरोगी माणसाच्या या आलेखात अल्ब्युमिनचे एक उंच टोक असते आणि शेवटी, गॅमाच्या भागात, बसका पसरट उंचवटा असतो. आईच्या आलेखात त्या उंचवट्याच्या जागी दुसरे अरुंद टोक सरळ वर गेले होते. तेच एम प्रोटीन, म्हणजे या आजारात वाढणारे एकाच प्रकारचे प्रथिन, ४.८ ग्रॅम प्रति डेसिलिटर.

त्यानंतर मी जे विचारत आणि वाचत गेले, त्यातून आजाराची जुळणी हळूहळू लक्षात आली. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडे तयार करतात, आणि जंतू नाना प्रकारचे असल्यामुळे या पेशीही नाना प्रकारच्या असाव्या लागतात. मायलोमात त्यांपैकी एकीचीच संतती बेसुमार वाढते, बांधावरचे गाजरगवत बघता बघता सगळे वावर व्यापते तशी, आणि ती सारी संतती एकच निरुपयोगी प्रथिन तयार करत राहते. मज्जेत निकोप रक्तपेशी तयार होण्यास अडथळा येतो, म्हणून हिमोग्लोबिन उतरते. हाड पोखरणाऱ्या पेशींना चेव येतो, हाड भरून काढणाऱ्या पेशी दबतात आणि हाडातील कॅल्शियम रक्तात येते. प्रतिपिंडांचे हलके तुकडे, ज्यांना लाइट चेन म्हणतात, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचून त्या बंद करतात. कामाची प्रतिपिंडे मात्र कमी पडतात. गेल्या हिवाळ्यात आईला पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया त्यातलाच होता.

लघवीच्या साध्या तपासणीत तिची प्रथिने जेमतेम दिसली होती, याचे आम्हाला कोडे पडले होते. तपासणीची ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, लाइट चेन तिच्या नजरेतून सुटतात. लंडनचे डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांनी हे लाइट चेनचे प्रथिन १८४० च्या दशकातच रुग्णाच्या लघवीत ओळखले होते आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मला सर्वांत कळकळीने सांगावेसे वाटते ते याच संदर्भात: कंबर दुखली की औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून घेण्याची सवय घरोघरी आहे, आणि लाइट चेनमुळे आधीच घायकुतीला आलेल्या मूत्रपिंडाला नेमक्या याच गोळ्या घातक ठरतात. डॉक्टरांनी त्या त्याच दिवशी बंद करून पॅरासिटामॉल दिले आणि भरपूर पाणी पिण्यास सांगितले. नागपूरच्या मे महिन्यात ही सूचना पाळताना आईच्या उशाशी तांब्या आणि हिशेबाची वही दोन्ही असत.

अस्थिमज्जेची तपासणी कंबरेच्या मागील हाडातून करतात. जागा बधिर केली तरी मज्जा ओढून घेताना क्षणभर कळ येते, आणि हे आधी सांगितलेले असले तर माणूस तयार राहतो. निदानासाठी १० टक्के विकृत प्लाझ्मा पेशी पुरतात, सोबत सहसा हाडाची किंवा मूत्रपिंडाची इजा, उतरलेले हिमोग्लोबिन किंवा वाढलेले कॅल्शियम यांपैकी काहीतरी असते. आईच्या नमुन्यात ४० टक्के होत्या, आणि पेट-सीटी स्कॅनमध्ये कंबरेचा एक मणका दबलेला दिसला.

नातेवाईक विचारत, "कितवी स्टेज? कुठे पसरला?" या आजारात टप्पा ठरतो तो गाठीच्या आकारावरून नव्हे. रक्तातील बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, एलडीएच आणि मज्जेतील पेशींच्या गुणसूत्रांची फिश तपासणी यांवरून तो ठरवतात. मज्जा जवळजवळ सगळ्या मोठ्या हाडांत असल्यामुळे अनेक हाडांत डाग दिसणे म्हणजे शेवटची अवस्था नव्हे. हे कळल्यावर आई त्या रात्री पोटभर जेवली.

उपचार म्हणजे आठवड्यातून एकदा पोटाच्या त्वचेखाली बोर्टेझोमिबचे इंजेक्शन, लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल (मूत्रपिंडाच्या बेताने मात्रा कमी केलेल्या) आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. डेक्साच्या रात्री तिला झोप नसे आणि साखर वाढे. तळपायांना मुंग्या आल्या तेव्हा डॉक्टरांनी बोर्टेझोमिबची मात्रा उतरवली. ही तक्रार वेळीच सांगणे आवश्यक असते, कारण नसांची इजा वाढत गेली तर ती कायमची राहू शकते. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सुरू करण्यापूर्वी दातांचे काम उरकून घ्यायला सांगितले, कारण ते चालू असताना दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. खर्चाच्या बाबतीत, भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधे मिळतात आणि त्यांच्या किमतींत बराच फरक असतो, म्हणून विचारून घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते.

एम प्रोटीन आता ०.४ वर आले आहे. मूळच्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक घट झाली, की त्याला डॉक्टर 'व्हेरी गुड पार्शल रिस्पॉन्स' म्हणतात. पुढचा प्रश्न आहे तो प्रत्यारोपणाचा, म्हणजे तिच्याच मूळ पेशी (स्टेम सेल) काढून ठेवून, मेल्फलॅन या केमोथेरपीच्या औषधाचा मोठा डोस देऊन, त्या पेशी परत सोडण्याचा. यानेही आजार मुळासकट जातो असे नाही, पण आटोक्यात राहण्याचा काळ सहसा वाढतो, हे डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितले. तिने वहीत लिहून आणलेले प्रश्न एकेक करून विचारले, आणि पेशी काढून ठेवण्यास होकार दिला. प्रत्यारोपणाची तारीख मात्र हृदयाची आणि मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावर ठरेल.