टावरापर्यंत जाणारा उजेड

लातूरच्या गंजगोलाईत जा नाहीतर गावच्या आठवडी बाजारात, बॅटरी विकणारा ती एकाच पद्धतीने दाखवतो. भर दुपारी बटण दाबायचं, समोरच्या दुकानाच्या पाटीवर झोत मारायचा आणि सांगायचं, "बघा मामा, रात्री पार टावरापर्यंत जातोय उजेड!" मामा मान डोलावतात आणि पैसे मोजतात. रात्री टावरावर काय बघायचं असतं, हे कुणीच विचारत नाही.

शेतीपंपाची लाईट पाळीपाळीने येते. रात्रपाळी लागली की हरभऱ्याला, उसाला पाणी द्यायला खोरं घेऊन निघावं लागतं. तिथे बघायचं काय, तर पाटाचं दार, फुटलेला बांध, स्टार्टरची पेटी आणि पाचटात वेटोळं घालून बसलेली घोणस. हे सगळं वीस पावलांच्या आत असतं. लांब जाणारा उजेड म्हणजे बहुतेक वेळा मधोमध एक जळजळीत ठिपका आणि भोवती काळोख. ठिपका बांधावर असतो, पाय काळोखात.

झोत कसा पडणार, हे आतल्या वाटीवर ठरतं. गुळगुळीत, आरशासारखी वाटी उजेड एकवटून लांब फेकते. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत वाटी मधला ठिपका मऊ करते आणि भोवतीचा उजेड सलग पसरवते. रोजच्या वापराला ही दुसरी बरी. तोंड पुढेमागे सरकवून झूम करायच्या बॅटऱ्या बाजारात उदंड आहेत. पूर्ण झूम केल्यावर भिंतीवर जो पिवळट चौकोन दिसतो, ते आतल्या एलईडीचंच चित्र असतं. त्या वेळी बराचसा उजेड आतच भिंगाच्या कडेला अडून वाया जातो. शिवाय तोंड सरकवताना हवा आतबाहेर होते आणि तिच्याबरोबर धूळ आणि ओल आत शिरते. सगळ्यात जास्त खपणारा प्रकार हाच, आणि सगळ्यात आधी आंधळा होणाराही हाच.

आता खोक्यावरचे आकडे. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड, कॅन्डेला म्हणजे झोताच्या मध्यावरची तीव्रता. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटरमधलं अंतर मिळतं; १०,००० कॅन्डेला असतील तर २०० मीटर. पण त्या २०० मीटरवर पडतो तो साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स उजेड. प्रमाण मोजणीच तशी ठरलेली आहे. म्हणून खोक्यावरच्या अंतराचा निम्मा किंवा तिसरा हिस्साच कामाचा धरावा.

खोटं पकडायला वजाबाकीही लागत नाही. चांगला १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल, ३००० एमएएचचा असला तर ३.६ व्होल्टने गुणून जेमतेम ११ वॉट-तास ऊर्जा देतो. एक वॉटला सुमारे १०० ल्युमेन धरले, तर हजारेक ल्युमेन एक तास, किंवा १०० ल्युमेन दहा तास. खोक्यावर "५००० ल्युमेन, १२ तास" लिहिलं असेल तर आत साठेक सेल असायला हवेत. ती बॅटरी खांद्यावर घेऊन चालावं लागेल.

दुसरी गोष्ट उष्णतेची. हजार ल्युमेनला दहा वॉट लागतात आणि त्यातला बराच भाग तापण्यात जातो. म्हणून चांगली बॅटरीही मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप मंद होते. त्यावर "फसवलं" म्हणून दुकानात भांडायला जाऊ नये. ती स्वतःला जपत असते. प्लॅस्टिकच्या अंगातून उष्णता बाहेर पडत नाही, ॲल्युमिनियमच्या अंगातून पडते. डोळ्याला दुप्पट उजेड वाटायला ल्युमेन साधारण चौपट लागतात, त्यामुळे ४०० आणि ५०० मधला फरक दिसतही नाही. बांधावरून चालायला ५० ते १०० पुरतात, शेताचा कोपरा न्याहाळायला ३०० ते ५००.

बघायचा असतो तो खालचा आकडा. माळवदावर सगळे झोपलेत, रात्री दोनला उठून पाणी प्यायचंय, आणि बॅटरीचा सगळ्यात मंद उजेडच ८० ल्युमेनचा! पोरं उठतात, आणि आपले अंधाराला सरावलेले डोळे गेले ते गेलेच. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एका ल्युमेनच्या आतला उजेड देणारी बॅटरी त्यासाठी हवी, आणि बटण दाबल्यावर आधी तोच लागला तर उत्तम. तीनदा दाबून, मधली लुकलुक ओलांडून मग तिथे पोचायचं, ही रचना कुणी केली त्याला एकदा माळवदावर झोपवायला हवं.

उजेडाच्या रंगाकडे कुणी बघत नाही, पण शेतात तो फार महत्त्वाचा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. वर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा दिसतो. या निळ्या एलईडीच्या शोधालाच २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. थर बेताचा असला की उजेड ६५०० केल्विनचा, निळसर थंड येतो आणि लाल-तपकिरी रंग मारतो. मग घोणशीच्या अंगावरचे तपकिरी ठिपके पाचटात मिसळून जातात आणि स्टार्टरच्या पेटीत धूळ खाल्लेली लाल वायर कुठली, ते कळेनासं होतं. ४००० ते ५००० केल्विन, आणि रंग दाखवण्याचा सीआरआय आकडा ९० च्या पुढे, असा एलईडी घ्यावा. तो थोडा कमी उजेड देईल, देऊ द्यावा. बॅटरी धरावी कमरेच्या उंचीवर. डोक्याच्या पट्ट्यावरचा उजेड नजरेच्या रेषेतच पडतो, त्यामुळे वस्तूंची सावली दिसत नाही आणि खड्डा, दगड, साप सगळं सपाट वाटतं. खोरं चालवताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तो पट्टा लावावा लागतो, तेव्हा पावसाळ्यातली पाखरं तोंडावर येणार हेही धरून चालावं.

खरा घोळ सेलचा. स्वस्त चार्जिंगच्या बऱ्याच बॅटऱ्यांत ४ व्होल्टचा लेड-ॲसिड डबा असतो. तो उतरलेला तसाच महिनोन् महिने पडला की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग तो चार्ज घेत नाही. वापरा न वापरा, महिन्यातून एकदा तो भरावाच. मागे घडीच्या पिना असलेल्या, थेट बोर्डात खुपसायच्या बॅटऱ्यांत पुष्कळदा ट्रान्सफॉर्मर नसतो. चार्जिंग चालू असताना आतल्या भागात घरातला २३० व्होल्टचा करंट खेळत असतो. अशी बॅटरी चार्जिंगला लावून पेटवू नये, उघडू तर मुळीच नये.

१८६५० लिथियम सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर ते छापणाऱ्याचं धाडस समजावं. या मापाच्या सेलची मजल ३५०० च्या आसपास संपते. वजन करून बघा, अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅमचा भरतो. गाडीच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या टपात तो मे महिन्यात ठेवू नये. परभणीचा ४३ अंशांचा उन्हाळा बंद डिकीत किती होतो, ते सेलला लवकर कळतं. बरेच दिवस वापरायचा नसेल तर अर्धा भरून सावलीत ठेवावा.

ज्यांना या भानगडीत पडायचं नाही, त्यांनी पेन्सिल सेलवर चालणारी घ्यावी. कुठल्याही किराणा दुकानात तो मिळतो, आणि १.२ व्होल्टचे चार्ज होणारे निकेल सेलही तिच्यात चालतात. फक्त जुना आणि नवा सेल एकत्र घालू नयेत. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून उलटा करंट ढकलतो आणि जुना गळतो. आणि पेन्सिल सेलसारखाच दिसणारा १४५०० हा लिथियम सेल ३.७ व्होल्टचा असतो. बॅटरी तेवढ्यासाठी बनवलेली नसेल तर जळते.

दुकानात आणखी तीन गोष्टी बघता येतात. मंद उजेडात हात झपझप हलवा. बोटांच्या तुटक तुटक प्रतिमा दिसल्या तर उजेड लुकलुकतो आहे, वाचताना डोळे शिणतील. चार्जिंगची पिन टाइप-सी असली तरी दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज होते का, ते लावून बघा. स्वस्तातल्या कित्येक होत नाहीत. आणि धूळ-पाण्यात टिकण्याची खूण बघा. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण त्यातला एक्स सांगतो की धुळीचा आकडा दिलेलाच नाही. आपल्याकडे धूळ पाण्याच्या आधी येते, तेव्हा आयपी६५ किंवा आयपी६७ असं दोन्ही आकड्यांचं बघून घ्यावं.

बॅटरी बंद पडली की "एलईडी गेला" म्हणतात. तो क्वचित जातो. मागच्या टोपणाच्या आट्यांत धूळ बसते, स्प्रिंग गंजते, बटण ढिलं होतं. आटे कोरड्या फडक्याने पुसून रबरी कड्याला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की निम्म्या तक्रारी मिटतात. आट्यांवर मुलामा असेल तर टोपण पाव फेरी सैल केल्यावर ती खिशात चुकून लागत नाही.

देवगिरीच्या किल्ल्यातल्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, मात्र टावरवाली बॅटरी नेऊन बघावी. तिथे झोत जवळच्या दगडावर आपटून परत डोळ्यांत येतो आणि पायरीच दिसत नाही. वटवाघळांचा त्रागा वेगळाच.

जांभळ्या, अतिनील उजेडाची छोटी बॅटरीही हल्ली स्वस्तात मिळते. ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटरचा तो उजेड पडला की विंचू हिरवट-निळा चमकतो, त्यामुळे गोठ्यात आणि दगडांच्या गडगीत तो लगेच सापडतो. पण उजेड पोचेल तिथलाच विंचू चमकणार. बुटाच्या टाचेत दडलेल्यापर्यंत तो पोचत नाही, म्हणून बूट उलटा करून झटकूनच पाय घालावा.